नऊपैकी किती

३ मार्च, सोमवार

ही वही खरं तर माझी नाही. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी ती लेकीसाठी दिली. रोज काय खाल्लं, किती, केव्हा, आणि बोट टोचून पाहिल्यावर रक्तातली साखर किती आली, एवढंच लिहायचं. लेक म्हणाली, "आई, शाळेत असताना मला गृहपाठ झेपला नाही, आता काय झेपणार? तूच लिही." तेव्हा पुढच्या बाजूने ही वही आहारताईंची, आणि उलटी धरली की मागच्या बाजूने माझी. कागद वाया घालवणं माझ्या रक्तात नाही.

लेकीला सहावा महिना आहे. जावई जहाजावर इंजिनं सांभाळतो, मे संपेपर्यंत परतायचा नाही. म्हणून ती माझ्याकडे राहायला आली आहे. पाच वर्षं वाट पाहून राहिलेलं हे पहिलंच, आणि गेल्या आठवड्यात तपासणीत साखर निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बऱ्याच जणींना येते, सांभाळलं तर निभावतं, नाही सांभाळलं तर आईलाही त्रास आणि बाळालाही. मग त्यांनी जुने कागद चाळले. तेराव्या वर्षापासून वाढलेलं वजन, सहा-सहा महिने न येणारी पाळी, हनुवटीवरचे केस, सगळं तिथे लिहिलेलं होतं. त्यांनी विचारलं, "लहानपणी खाणं कसं होतं हिचं?"

लेक काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "साधंच. घरचं."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खरं आहे.

४ मार्च, मंगळवार

आहारताईंनी सांगितल्याप्रमाणे आज स्वयंपाकघरातली कपाटं रिकामी केली. सगळी पाकिटं निघाली. माझ्या घरात दुसरं काय निघणार!

मी पाकीटबंद खाऊच्या कारखान्यात चवखोली सांभाळते. तिथे लागून पंचवीस वर्षं झाली. चवखोलीत सहा कप्पे आहेत, प्रत्येकात एक बाई. वर तांबडा दिवा, म्हणजे पदार्थाचा रंग दिसायला नको. पुढ्यात बिननावाच्या वाट्या, प्रत्येकीवर तीन आकडी नंबर, म्हणजे नाव वाचून कुणी भाळायला नको. घास तोंडात घ्यायचा, घोळवायचा, आणि शेजारच्या पेल्यात थुंकायचा. मग कोमट पाण्याची चूळ, आणि कागदावर नऊपैकी गुण. नऊ म्हणजे अतिशय आवडलं, एक म्हणजे तोंडात धरवत नाही. दिवसाला तीस-तीस नमुने होतात. गिळत बसलो असतो तर एव्हाना आम्हाला दारातून आडवं करून बाहेर काढावं लागलं असतं.

लेक खुर्चीत बसून मी पाकिटं पिशवीत भरताना पाहत होती. म्हणाली, "माझं अख्खं लहानपण चाललंय कचऱ्यात." हसत म्हणाली, म्हणून मीही हसले.

७ मार्च, शुक्रवार

मंगळवारपासून तिचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. एकदाचं लिहूनच टाकते.

तिचे बाबा गेले तेव्हा ती सहा वर्षांची होती. मोठाले डोळे करून पापणी न लववता बघत राहायची, म्हणून मी तिला मासोळी म्हणते. शाळा सुटली की शेजारच्या शिंपीणकाकूंकडे बसायची आणि मी साडेसहाला घरी यायचे. तेव्हा मी चवखोलीतली सगळ्यात धाकटी. आमचा खाऊ मुलांसाठी, आणि चव बघणाऱ्या आम्ही सगळ्या थोराड बायका. मला वाटलं, काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला? नमुने घरी आणायला लागले.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन वाट्या मांडायच्या, घड्याळाला दहा मिनिटांचा गजर लावायचा, आणि मी समोर बसायचे. काय उरतं तेही मोजायचं. आमच्या धंद्यात आवडलं म्हणणं पुरत नाही, हात थांबायला नको. मासोळी घास तोंडात ठेवून आधी टकमक माझ्या तोंडाकडे बघायची आणि मग आकडा सांगायची. विचारी पोर. मक्याच्या पिठाच्या त्या पोकळ पिवळ्या अंगठ्या, बोटात अडकवून खायच्या, त्यांना तिने नऊ दिले आणि वाटी चाटून पुसून साफ केली. दुसऱ्या दिवशी मी बैठकीत छातीठोकपणे सांगितलं, हाच नमुना चालणार. मोठ्या चाचण्या पुढे झाल्या, पण पहिला कौल माझ्या घरातला. अंगठ्या अशा चालल्या की दोन वर्षांत चवखोली माझ्या हातात आली.

मग आठ वर्षं हेच चाललं. संध्याकाळी वाट्या, आणि भूक मेली म्हणून जेवण राहायचं. मला तरी कुठे रांधायचं त्राण असायचं! एवढ्या वर्षांत एकदाच तिने चार गुण दिले. त्या दिवशी तिचं पोट बिघडलं असणार.

आज लिहिता लिहिता एक गोष्ट लक्षात आली आणि पेन खाली ठेवलं. घरच्या टेबलावर मी वाट्या ठेवल्या, घड्याळ ठेवलं, कागद ठेवला. थुंकायचा पेला कधीच ठेवला नाही. आम्ही सगळ्या जणी थुंकायचो. ती गिळायची.

१२ मार्च, बुधवार

दवाखाना. आकडे सुधारताहेत. आहारताई म्हणजे जेमतेम तिशीची पोरगी, पण कान टोचायला कमी करत नाही. लेक रक्त द्यायला गेली तेव्हा मी विचारलं, "पाकिटातल्या खाण्यानेच झालं असेल का हो हे? तिचं वजन, पाळी, आता ही साखर?"

ती म्हणाली, "मावशी, एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. घराण्यात असतं, झोप असते, नशीबही असतं. पण लहानपणापासून पोट त्याच खाण्यावर भरलं तर वजन वाढतं, साखरेचं आणि पाळीचं गणित बिघडायला मदत होते. माझ्यासमोर रोज अशा वीस मुली बसतात. का विचारता?"

"सहज," मी म्हणाले.

तिने माझ्या पदरात ना दोष टाकला ना माफी. दोन्हीपैकी काहीतरी हातात घेऊन घरी यायची माझी तयारी होती.

१८ मार्च, मंगळवार

आमच्या मॅनेजरांना आम्ही मागे साखरपेरे म्हणतो, कारण बोलण्यात साखरपेरणी फार. आज स्वतःच्या हाताने चहा घेऊन माझ्या टेबलापाशी आले. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी घोंगडं गळ्यात पडणार.

नवीन बिस्किट आहे. खास गरोदर बायकांसाठी. लोह घातलेलं, कोंडा घातलेला, आणि पाकिटावर ठळक अक्षरात 'साखर नाही'. वर पोटावर हात ठेवून हसणाऱ्या बाईचं चित्र. साखरपेरे म्हणाले, "बाई, चवखोलीतल्या सगळ्यांची पन्नाशी उलटली. पोटुशी बाई आणायची कुठून? आणि तुमच्या तर घरातच आहे! तुमच्या घरची जीभ म्हणजे आपल्या कंपनीचा पाया."

मी म्हणाले, तिला साखर आहे. ते म्हणाले, "मग तर देवच पावला. साखर नसलेलंच बिस्किट आहे."

नमुन्याचा डबा मी पिशवीत टाकला. नको म्हणायला तोंड उघडलं होतं, पण ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. हे एवढंच कारण नाही. खरं कारण लिहायला लाज वाटते. गेले पंधरा दिवस पोर उकडलेल्या भाज्या आणि मोड आलेली कडधान्यं तोंड कडू करून खाते आहे. मला तिच्या तोंडून पुन्हा एकदा नऊ ऐकायचे होते.

१९ मार्च, बुधवार

संध्याकाळच्या जेवणानंतर दुधाबरोबर चार बिस्किटं दिली. सांगितलं, "दवाखान्यातून दिली आहेत, लोहाची." तिने डबा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग एक बिस्किट खाल्लं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "आठ."

"मी कुठे गुण विचारले?"

"सवय," ती म्हणाली.

पुढच्या बाजूला बिस्किटं लिहिली नाहीत. साखर नाहीच तर लिहायचं काय, असं मनाशी म्हटलं.

२२ मार्च, शनिवार

पाकिटं भरायच्या विभागात आज कारखान्याच्या नर्सबाईंशी गप्पा झाल्या. चक्कर येऊन पडलेल्या एका मुलीला त्या पाणी पाजत होत्या. बाविशीची पोर, दुपारच्या डब्यात फुटलेल्या पाकिटातला चुरा. फुटकी पाकिटं आम्हा कामगारांना फुकट मिळतात. नर्सबाई म्हणाल्या, "बाई, माझ्या नोंदवहीत अर्ध्या अशाच आहेत. अंगाने जाड, रक्ताने पांढऱ्या. दिसायला भरलेल्या आणि आतून उपाशी." ती मुलगी माझ्याकडे बघून लाजून हसली. म्हणाली, "मला पिवळ्या अंगठ्या फार आवडतात, मॅडम. लहानपणापासून."

पूर्वी असं कुणी म्हटलं की मी दिवसभर हवेत असायचे. आज मी तिला माझा डबा दिला आणि तिथून निघून आले. डब्यात तरी काय, कालचा ब्रेड.

२६ मार्च, बुधवार

आहारताईंनी वही उघडली आणि भुवया चढवल्या. उपाशीपोटीचा आकडा ठीक, सकाळचा ठीक, दुपारचा ठीक. फक्त संध्याकाळच्या जेवणानंतर दोन तासांनी एकशे अठ्ठावन्न, एकशे त्रेसष्ट, एकशे एकाहत्तर. सलग सात दिवस. हवा होता एकशेवीसच्या आत.

"संध्याकाळी हे एवढंच खाल्लं? भाजी, मसूर, अर्धी वाटी भात, दूध?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "एवढंच."

"मग शरीरच ऐकत नाहीये. डॉक्टरांशी बोलते. आणखी एक आठवडा बघू. असंच राहिलं तर पुढच्या बुधवारपासून संध्याकाळचं इन्सुलिन सुरू करावं लागेल."

घरी येताना लेक बसच्या खिडकीतून बाहेर बघत होती. पोटावरून हात फिरवत म्हणाली, "सुई तर सुई. ह्याच्यासाठी घेईन."

२७ मार्च, गुरुवार

आज कामावर गेल्या गेल्या त्या बिस्किटाचा घटकांचा कागद काढला. आठवडाभर माझ्याच खणात पडला होता. साखर नाही, हे खरं. तिच्या जागी मक्यापासून काढलेली एक पूड आहे. जिभेला गोड लागत नाही, पण रक्तात साखरेइतकीच झपाट्याने चढते. हे मला कुणी शिकवायला नको, हाताखालच्या बायकांना मीच शिकवते. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

मी अडाणी असते तर बरं झालं असतं. अडाणी बाईला वाटलं असतं, पाकिटावर लिहिलंय म्हणजे खरं असणार. मला वाचता येत होतं आणि मी वाचलं नाही. बावीस वर्षांपूर्वी, अंगठ्यांच्या वेळीही वाचलं नव्हतं.

घरी आल्या आल्या डबा कचऱ्यात टाकला. संध्याकाळी लेकीला म्हणाले, बिस्किटं संपली. ती "बरं" म्हणाली. दोन तासांनी आकडा एकशे अठरा आला.

आता गप्प राहिले तरी निभावेल. आकडे आपोआप उतरतील, आहारताई खूश होईल, सुई टळेल आणि कुणाला काही कळणार नाही. हे वाक्य मी तीनदा वाचलं. माझं अक्षर फार सुबक आहे.

३० मार्च, रविवार

सांगितलं.

दुपारी स्वयंपाकघरातल्या त्याच टेबलाशी ती बसली होती. वहीची पुढची बाजू तिच्यासमोर उघडली आणि १९ तारखेपासून प्रत्येक दिवसाखाली तिच्यादेखत लिहिलं: बिस्किटं चार, नमुना क्रमांक ६१७. आठ दिवस, आठ ओळी. मग म्हणाले, "मासोळी, ती दवाखान्यातली नव्हती. माझ्या कारखान्यातली होती. तुझी साखर त्यानेच चढत होती. मी आहारताईंशीही खोटं बोलले."

"माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"कारखान्यातली आहेत ते. डब्याच्या बुडाला तीन आकडी नंबर होता. लहानपणी तुझ्या सगळ्या वाट्यांना असायचा. साखर चढेल हे नव्हतं माहीत. ते तू बघितलं असशील असं वाटलं."

ती रागावून बोलली असती तर मी सोसलं असतं. ती अगदी नेहमीच्या आवाजात बोलत होती.

"मग खाल्लीस कशाला गं? नको म्हणायचं होतंस!"

"तू समोर येऊन बसलीस ना," ती म्हणाली.

मला कळलं नाही. मग ती सांगायला लागली, टेबलावरचा एक डाग नखाने खरवडत.

"आई, मला त्या पिवळ्या अंगठ्या कधी आवडल्याच नाहीत. टाळूला चिकटायच्या. रात्री तहान लागायची. पण तू घरी यायचीस ती दमून. मग कपडे, भांडी, फोन. त्या वाट्या मांडल्यास की मात्र तू घड्याळ लावून माझ्यासमोर बसायचीस. दहा मिनिटं. नुसती माझ्याकडे बघत. मी नऊ म्हटलं की असं हसायचीस की बस! एकदा मी खरं सांगून बघितलं. चार म्हटलं. तू वाटी उचललीस आणि फोन करायला गेलीस. गजर वाजायचा होता अजून."

मी म्हणाले, "त्या दिवशी तुझं पोट बिघडलं होतं."

"नाही गं," ती म्हणाली. "पोट छान होतं माझं तेव्हा."

त्यानंतर मी काय केलं ते नीट आठवत नाही. रडले, हे आठवतं. तिनेच उठून पाणी दिलं, सहा महिन्यांचं पोट सांभाळत. मी म्हणाले, "माफ कर." ती म्हणाली, "बघू," आणि कपडे वाळत घालायला गेली. "हो" म्हणाली नाही. तो "बघू" मला पुरणार आहे का, ठाऊक नाही.

बावीस वर्षं त्या अंगठ्या दुकानादुकानात लटकताहेत, आणि पहिला कौल कुणाचा, तर आई जवळ बसावी म्हणून खोटं बोलणाऱ्या एका सात वर्षांच्या पोरीचा. परवाच्या त्या चक्कर आलेल्या मुलीला हे कुठल्या तोंडाने सांगू?

२ एप्रिल, बुधवार

आहारताईंनी त्या आठ ओळी वाचल्या. मी म्हणाले, "खाऊ घालणारी मी. तिची चूक नाही. आणि लहानपणचं खाणं घरचं होतं हेही खोटं." तिला सगळं सांगितलं, चवखोलीपासून. लेक शेजारी बसून होती. आहारताईने पेनला टोपण लावलं. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. नाहीतर नको ती सुई दिली असती मी." इन्सुलिन तूर्त टळलं. तपासण्या मात्र आणखी वाढल्या, कारण बाळाचं वजन दिवसांच्या मानाने थोडं जास्त दिसतंय. "आधीचंही असेल," ती म्हणाली. पुन्हा तेच. बोट ठेवता येत नाही.

दुपारी साखरपेऱ्यांना सांगितलं, ह्या बिस्किटावर माझी सही मिळणार नाही, आणि का तेही कागदावर लिहून दिलं. त्यांनी वाचलं, घडी घातली, आणि गोड आवाजात म्हणाले, "तुमची प्रकृती बरी दिसत नाही, बाई. थोडी रजा घ्या." सही माझ्या हाताखालची करेल. तिला मीच शिकवलंय. बिस्किट पुढच्या महिन्यात दुकानात येणार. पंचवीस वर्षांनी तोंड उघडलं, ते वरातीमागून घोडं.

६ एप्रिल, रविवार

रजा. सकाळी लाल भोपळा आणि मसूर आणले आणि स्वतःच्या हाताने शिजवले. चव घेऊन बघितली तर मला काहीच लागेना. चाळणीतून पाणी जावं तशी चव जिभेवरून निघून गेली. साध्या भोपळ्याची चव ओळखणारी माझी जीभ कधी मेली, कुणास ठाऊक. शेवटी अंदाजानेच उतरवलं.

लेक टेबलाशी आली. ताट बघितलं, फळीवरचं ते जुनं घड्याळ काढलं, दहा मिनिटांचा गजर लावला, आणि समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाली, "बस."

मी बसले. तिने घास घेतला. मी जुन्या सवयीने वाट पाहत होते, आता ती डोळे वर करून माझ्या तोंडाकडे बघेल. तिने बघितलं नाही. ताटाकडेच बघत सावकाश चावलं आणि म्हणाली, "तीन."

"तीनच?"

"मीठ विसरलीस. मसूर कच्चे आहेत. भोपळा तेवढा गोड आहे, त्याचे तीन."

मिठाचा डबा पुढे सरकवला. तिने चिमूटभर घातलं आणि खायला लागली. जावयाचा फोन येऊन गेला, जहाजावरची जागा अरुंद असते, बाळ आज सकाळपासून लाथा मारतंय, असं काय काय सांगत होती. दोन तासांनी साखर एकशे नऊ आली. आहारताईंच्या वहीत चवीसाठी रकाना नाही. मी पट्टी घेऊन एक आखला आणि त्यात लिहिलं: नऊपैकी तीन.

त्याआधी, तिचं जेवण अर्धं झालं होतं तेव्हा गजर वाजला. ती म्हणाली, "झाली तुझी दहा मिनिटं. जायचं तर जा."

मी हात लांब करून गजर बंद केला आणि तिचं खाऊन होईपर्यंत तिथेच बसून राहिले.